कावळ्यासाठी काढलेला नकाशा

यंदाचा दवणा आला. शेवंताबाई अजून जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धापा टाकत होत्या, आणि त्यांच्या पाटीतला दवणा माझ्या दारात येऊन उभाही राहिला होता. या वासाला एक कडवट धार असते आणि त्या धारेच्या मागोमाग पिकल्या फळाचा गोडवा येतो. चैत्रात देवाला दवणा वाहतात, म्हणून नारायण पेठेत तो काही दिवस कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो आणि मग वर्षभर त्याचं कुणी नाव काढत नाही. मी दार उघडलं.

"या. आज उशीर केलात."

"आगं बया! ताई, म्या अजून बेल बी न्हाई वाजवली."

"बेल तुमच्या पाटीत आहे," मी म्हटलं.

शेवंताबाई लोणी काळभोरहून येतात. घरामागच्या दोन गुंठ्यांत पुदिना, गवती चहा, मेथी, शेपू असं काय काय लावतात आणि सकाळच्या बसने आणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी विकतात. गेली वीसेक वर्षं मी त्यांचं गिऱ्हाईक आहे. मला कमी दिसायला लागल्यापासून जवळजवळ सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात. अहो, कान शाबूत आहेत माझे, असं किती जणांना सांगायचं? शेवंताबाईंनी मात्र कधी आवाज चढवला नाही. त्या पूर्वी जेवढ्या आवाजात भांडायच्या, तेवढ्याच आवाजात आजही भांडतात.

हा मजकूर मी जाड मार्करने लिहितेय. एका पानावर जेमतेम सात ओळी मावतात, आणि त्याही एकमेकींच्या अंगावर चढतात असं माझी मुलगी मुग्धा सांगते. चढू देत. तीस वर्षं मी सरकारी नकाशाखान्यात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने धरणं, कालवे, रस्ते काढायचे आणि मी ते ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने उतरवून घ्यायची. केसाएवढ्या बारीक रेषा, आणि एकही रेष थरथरलेली नाही. आयुष्यभर सरळ काढल्या, आता म्हातारपणी चार वाकड्या निघाल्या तर काय बिघडलं?

उन्हाळा आला की मला तो नकाशाखाना आठवतो. पंखे लावायची सोय नव्हती, कागद उडायचे. ट्रेसिंगच्या कापडाला खळ असायची. त्यावर घामाचा एक थेंब पडला की पांढरा डाग फुटायचा आणि तो काही केल्या जायचा नाही. म्हणून आम्ही बायका मनगटाखाली रुमाल आणि कपाळाला दुसरा रुमाल बांधून बसायचो. एकदा एका कालव्याच्या शेवटच्या वळणावर माझ्या हनुवटीवरून थेंब पडला. तीन दिवसांचं काम. मी ते कापड फाडलं, नवं ताणलं, आणि पहिल्यापासून सुरू केलं. शेजारची म्हणाली, "अगं, ब्लेडने खरवडून बघ तरी." मी म्हटलं, खरवडलेलं मला दिसत राहील. तो गर्व होता, मान्य आहे. पण त्याच गर्वाच्या जोरावर मी तीस वर्षं पाठीचा काटा मोडून घेतला, फुकट नाही.

कोपऱ्यात वाळा टाकलेला माठ असायचा. पलीकडच्या खोलीत प्रती काढायचं यंत्र, आणि त्यातून येणारा अमोनियाचा वास. पाणी प्यायला गेलं की एका नाकपुडीत वाळा आणि दुसऱ्या नाकपुडीत अमोनिया. मला तेव्हा वाटायचं, हे नाक इथेच संपणार. संपलं नाही. डोळे संपले.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे आणि गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती दिवस राहील तेवढंच बघायचं. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं. मला समोरचं दिसे, पण रुपयाच्या नाण्याएवढं. माणसाचं नाक दिसलं तर कान नाही आणि कान दिसला तर नाक नाही. पायाखालचं काहीच नाही. त्या नाण्याएवढ्या जागेत मात्र सगळं लख्ख होतं, पोरीच्या कानातल्या बारीक कुडीतला एकेक मोतीसुद्धा. मी डॉक्टरांना विचारलं, "रेष काढता येईल?" ते हसले आणि मुग्धाकडे बघून म्हणाले, "आजींना आता एकटं ठेवू नका." पेशंट मी, आणि उत्तर तिला! मी पर्स उचलली आणि म्हटलं, "आजी इथेच बसल्या आहेत."

घरी आल्यावर मुग्धाने पन्हं केलं, माझ्या हातात पेला दिला, आणि मग म्हणाली, "आई, आमच्याकडे चल. बाणेरला एक खोली रिकामीच आहे. तिथे लिफ्ट आहे, चोवीस तास वॉचमन आहे. तुझी सगळी सोय होईल."

सोय! या शब्दाची मला चीड आहे. सोय म्हणजे तुम्ही कुठे बसायचं, किती वाजता जेवायचं, कुठल्या खिडकीतून काय बघायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं, आणि तुम्ही फक्त आभार मानायचे असतात. कुंडी उचलून सावलीत ठेवतात ना, तसं. मुग्धा प्रेमाने बोलत होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पोरगी हिशेबी नाही, नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून तीनदा धावत येणारी आहे. तिला रात्री झोप लागत नव्हती. पण म्हणून मी चौदाव्या मजल्यावर जाऊन बसायचं? तिथल्या बाल्कनीला काच आहे. वास येत नाही, पाऊस लागत नाही, खाली कोण भांडतंय ते कळत नाही.

माझ्या घराला लागून एक गच्ची आहे. अकरा फूट बाय सतरा, छातीएवढा उंच कठडा. हे असताना यांनी तिथे गुलाब लावले होते, कलमी, मोठाल्या फुलांचे. त्यांना वासाचा मागमूस नव्हता, नुसते बघायला. हे गेले आणि गुलाबही गेले, मी काही फार शोक केला नाही. मी फक्त एक गवती चहाचं बेट जगवलं होतं. रोज सकाळी दोन पाती तोडायच्या, गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकायच्या, हा माझा चहा. चाळीस वर्षांत एकदाही कुणी मला चहा करून दिलेला नाही, आणि मला तसा नकोही आहे.

तर मी मुग्धाला म्हटलं, "एक करार करू. पावसाळा लागेपर्यंत मुदत दे. तोवर मी या गच्चीत औषधी आणि स्वयंपाकाच्या पाल्याची बाग लावते. मग तू माझे डोळे बांध आणि जी पात सांगशील ती मी जाऊन तोडून आणीन. एक जरी चुकली तर बॅग भरते, हूं की चूं करणार नाही. आणि नाही चुकले, तर बाणेरचं नाव काढायचं नाही."

"आई, ही काय शाळेतली शर्यत आहे का?"

"तुला झोप हवी आहे, मला घर हवंय. काहीतरी मोजमाप नको का?"

तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "बरं. पण गच्चीचं दार मी असतानाच उघडायचं." मी हो म्हटलं. ते हो मी अर्थातच पाळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढवून घेतला. टी-स्क्वेअर निघाला, गुंडाळी करून ठेवलेलं ट्रेसिंगचं कापड निघालं, पिवळं पडलेलं पण जिवंत. टेपने गच्ची मोजली. एक फुटाला एक इंच प्रमाण. मी खिडकीशी बोर्ड लावला, मनगटाखाली रुमाल ठेवला, आणि त्या नाण्याएवढ्या उजेडात रेष ओढायला घेतली. एक इंच दिसायचा, तो पुरा करायचा, नाणं पुढे सरकवायचं, पुढचा इंच. आठ दिवस लागले. खोटं कशाला बोलू, ते आठ दिवस मी मनातून सुखात होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, खालच्या घरांतून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका जात-येत होत्या, कैरीच्या डाळीवरच्या फोडणीचा वास वर येत होता, आणि मी पंखा बंद करून कुंड्यांची वर्तुळं काढत होते.

नकाशा देखणा झाला होता. मधोमध तुळशीचं गोल, त्याभोवती सब्जा, मरवा वगैरेंच्या आठ कुंड्या चक्रासारख्या. चार कोपऱ्यांत चार त्रिकोणी वाफे: पुदिना, ओवा, कढीपत्ता, कोरफड. मध्ये दीड फुटाच्या वाटा, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. वर उजव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली सूची, सूचीत प्रत्येक वनस्पतीची वेगळी खूण. चौकट दुहेरी. नकाशाखान्यात असता तर साहेबांनी सही करण्याआधी दोनदा बघितला असता.

शेवंताबाई रोपं घेऊन आल्या. मी तो नकाशा त्यांच्यासमोर धरला, म्हटलं, "असं लावायचं आहे." त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, मग जमिनीवर ठेवला, स्वतः उभ्या राहिल्या आणि वाकून बघायला लागल्या.

"ताई, ह्ये कुणी बघायचं हाय?"

"म्हणजे?"

"न्हाई, वरनं बघितल्यावानी काढलंय ना. मंग ह्ये कावळ्यासाठी हाय का?"

मला इतका राग आला! तीस वर्षं नकाशे काढलेली बाई मी. नकाशा वरूनच काढतात, जगातला प्रत्येक नकाशा वरूनच काढतात, हे मी त्यांना चढ्या आवाजात समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं बया," म्हणाल्या, "तुमी शिकल्यात," आणि निमूटपणे सगळ्या कुंड्या नकाशाप्रमाणे लावून दिल्या. जाताना दारात थांबून तेवढं म्हणाल्या, "मधल्या तुळशीला जपा हो. ती वाटंतच हाय."

चारच दिवसांत मी तिला जपायला चुकले. सकाळची वेळ, चहाचं आधण ठेवलेलं, गवती चहाच्या पातीसाठी गेले. समोर नाण्याएवढं आकाश आणि त्यात एक घार दिसत होती. बघत राहिले. पाऊल पुढे टाकलं ते थेट सब्ज्याच्या कुंडीत. तिला चुकवायला उजवीकडे वळले तर तुळस. मी आडवी झाले आणि माझ्याबरोबर चक्रातल्या तीन कुंड्या. घोटा असा काही मुरगळला की डोळ्यांपुढे जे थोडंफार होतं तेही गेलं. आत आधण उकळून आटून गेलं, भांडं जळाल्याचा वास यायला लागला, आणि मी मातीत बसून होते. अंगाला सगळीकडे सब्जा, तुळस, मरवा चुरडलेला. त्या दिवसाइतका सुंदर वास मला कधी आला नाही, आणि त्या दिवसाइतकी भीतीही कधी वाटली नाही. गॅस बंद करायला मी बसूनच, हातांवर सरकत गेले. त्यात लाज कसली, जायला पाहिजे होतं, गेले.

फोनवर कळताच मुग्धा आली आणि तिने आधी कपाटातली बॅगच काढली. माझ्या पायाखाली उशी सरकवली, क्रेप बँडेज बांधलं, आणि कपाटातल्या साड्या घडी करकरून बॅगेत भरायला लागली. मी पलंगावर पाय वर करून बसले होते. बॅग माझ्या हाताशी होती. ती एक साडी ठेवायची, मी एक बाहेर काढायची. पाच-सहा साड्या अशा झाल्यावर ती ओरडली, "आई, पुरे ना! पडलीस की नाही? जळून मेली असतीस!"

"पडले. मुदत पावसाळ्यापर्यंतची आहे."

"कसली मुदत घेऊन बसलीयस? हट्ट आहे नुसता."

"हो, हट्टच आहे. माझ्याकडे अजून काय उरलंय, सांग? डोळे गेले, हे गेले, नोकरी गेली. हट्टही तुझ्या बॅगेत घालू?"

ती मटकन खाली बसली आणि रडली. मीही रडले. असं लिहायची मला सवय नाही, पण तसं झालं खरं. मग तिने माझ्या हिरव्या साडीला नाक पुसलं, तीच तेवढी हाताशी होती, आणि म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत. एक दिवस जास्त नाही." बॅग मात्र तिने कपाटात परत ठेवली नाही. ती पलंगाजवळच राहिली, साड्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

घोटा बरा होईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी बसून एकच विचार केला: चुकलं कुठे? मोजमापात चूक नव्हती, प्रमाण बरोबर, वाटा बरोबर. मी नकाशा पुन्हा पुन्हा नाकाशी धरून बघितला. आणि मग एका दुपारी शेवंताबाईंचा कावळा माझ्या डोक्यात उतरला. मी जो नकाशा काढला होता तो डोळे असलेल्या कुणीतरी वर उभं राहून बघण्यासाठी होता. तीस वर्षं मी अशीच वर बसून कालवे काढले. त्या कालव्यांच्या काठाने कोण चालतं, त्याच्या पायाला काय लागतं, हे मला विचारायची गरजच पडली नव्हती. आता चालणारी मीच होते आणि मला वरून काहीही दिसणार नव्हतं. चूक कबूल करायला मी शेवंताबाईंना निरोप धाडला. त्या आल्या, खाली टेकल्या, आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई. चला, उठा. आता डोळं मिटा."

ही कल्पना त्यांची, श्रेय त्यांना. त्यांनी माझ्या डाव्या हातात खडू दिला आणि मला गच्चीच्या दारात उभं केलं. "हात सैल सोडा. भिंतीकडंनं चालत ऱ्हावा. मी हाय मागं." मी डोळे मिटून भिंतीला हात लावून निघाले. दारापासून सरळ, कोपऱ्यात वळून कठड्याच्या कडेने शेवटपर्यंत. परत येऊन डोळे उघडले. भिंतीवर खडूची रेघ उमटली होती. दाराजवळ कमरेशी, मधे थोडी खाली, कोपऱ्यात घाबरून एकदम वर गेलेली, मग पुन्हा उतरलेली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाकडी रेष. मी ती बघत उभी राहिले आणि मला ब्लेडने खरवडावीशी वाटली नाही.

"आता हिच्या उंचीवर कुंड्या," शेवंताबाई म्हणाल्या. "पायाशी काय बी न्हाई."

मग खरं काम सुरू झालं. जमिनीवरची प्रत्येक कुंडी उठली. लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकल्या, खडूच्या रेघेप्रमाणे कुठे उंच, कुठे ठेंगण्या. मधली गच्ची पूर्ण मोकळी. आणि कुणाशेजारी कोण, यावर आमच्या दोघींची आठवडाभर भांडणं झाली. दारात गवती चहा, हे ठरलेलं होतं, कारण सकाळी मी अर्धवट झोपेत असते आणि त्याची पात बोटाला कापते, तेवढ्यात जाग येते. पुदिन्याला सावली हवी म्हणून तो खिडकीवरच्या छज्जाच्या सावलीत. मला तुळस आणि सब्जा शेजारी हवे होते, दिसायला सारखेच म्हणून. शेवंताबाई कडाडल्या, "हाताला बी सारखंच लागतंय ना मंग? चुकाल की!" पुन्हा कावळा. सब्जा पार टोकाकडे गेला. पानओव्याची पानं जाड, लव असलेली, ती हाताला आपणहून ओळख देतात, म्हणून त्याला मधे ठेवला. मरव्याला चोळल्याशिवाय ओळखता येत नाही, मग त्याच्या कुंडीच्या गळ्यात सुतळी बांधली. कोपऱ्यात कढीपत्ता, उंच. वळायची जागा आली की त्याची डहाळी गालाला लागते. आणि सगळ्यात शेवटी कोरफड. तिचे काटे लागले की थांबायचं, पुढे कठडा.

तुळशीनंतर एक कुंडीभर जागा मी रिकामी सोडायला लावली.

"हिथं काय?" शेवंताबाईंनी विचारलं.

"दवणा."

"ताई, दवणा आता संपला. आता फुडल्या चैतात."

"माहीत आहे. जागा आत्ता लागेल."

त्याचा नकाशाही मी काढला. काढल्याशिवाय राहवेना. पण या वेळी वरून नाही. लांब पट्टी, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने हाताला लागतं त्या क्रमाने. उत्तरेचा बाण काढला नाही. त्याच्याऐवजी दारापाशी एक छोटा हात काढला. रेषा थोड्या थरथरल्या होत्या. ते कापड मी गच्चीच्या दाराशेजारी, आतल्या भिंतीवर लावलं.

मग मी रोज चालायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुपारी गच्ची इतकी तापायची की सपातांतून चटके बसत, आणि पश्चिमेचा वारा सुटला की सगळे वास एकमेकांत मिसळून गोंधळ व्हायचा. पहिले काही दिवस मी पुदिना म्हणून चक्क ओवा तोडला, ते भजी करायला उपयोगी पडलं. हळूहळू नाक मागे राहिलं आणि हात पुढे गेला. वास खात्री करायला, वाट हाताची. एखादा दिवस असाही यायचा की मधेच थांबून मला वाटायचं, कशासाठी हे? बाणेरला पोरगी जवळ असेल, गरम जेवण मिळेल, कोण बघतंय मला इथे? आणि मग मला माझीच चीड यायची. कुणी बघावं म्हणून थोडंच चाललंय हे! मग मी पुन्हा दारापासून सुरुवात करायची.

ज्येष्ठातल्या एका रविवारी मुग्धा आली. पश्चिमेला ढग भरले होते, हवा कोंदली होती, मुदत संपत आली होती. शेवंताबाईंना मी मुद्दाम थांबवून घेतलं. मुग्धाने स्वतःची ओढणी काढून माझ्या डोळ्यांवर बांधली, दोन घड्या करून, आणि मागे घट्ट गाठ मारली.

"पुदिना," ती म्हणाली.

आणला.

"कढीपत्ता."

आणला. गालाला लागला तोच तोडला.

"आता सब्जा." तिला वाटलं, मी तुळस आणीन. मी तुळशीवरून हात फिरवून पुढे गेले आणि सब्ज्याची डहाळी तिच्या हातात ठेवली. तिने ती हुंगली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. हरायचं तिलाही नव्हतं, माझीच पोरगी आहे.

"दवणा आण," ती म्हणाली.

"आगं ए!" शेवंताबाई बोलायला लागल्या. मी त्यांना हाताने थांबवलं. दारापासून निघाले. गवती चहा बोटाला कापला, पुदिना, ओव्याची लव, मरव्याची सुतळी, कढीपत्त्याच्या इथे वळले, तुळस. पुढे हाताला काहीच लागलं नाही. नुसती फळी. मी तिथे थांबले, फळीवर तळहात ठेवला आणि म्हटलं, "ही त्याची जागा. आज नाहीये. चैत्रात ये."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. मुग्धा जवळ आली, मागची गाठ सोडायला गेली, तर तिला ती सुटेचना. शेवटी शेवंताबाईंनी सोडली.

"बॅग माळ्यावर टाकू?" मुग्धाने विचारलं.

"टाक. आणि आधी त्या साड्या नीट घडी कर. विस्कटल्यास तू."

त्याला तीन वर्षं होत आली. मधल्या काळात ते नाणंही गेलं. आता उजेड कुठून येतो ते समजतं, आणि मार्करची रेघ नाकाशी धरली तर तिची सावली. डॉक्टर अजूनही मुग्धाकडे बघून बोलतात. मी अजूनही त्यांना टोकते. दर चैत्रात शेवंताबाई दवण्याचं रोप आणतात, ते दोनेक महिने त्या जागेवर बसतं, उन्हाळ्याच्या शेवटी वाळतं, आणि मग दहा महिने तिथे नुसती फळी असते. सकाळी चहाची पात घेऊन झाली की कधीकधी मी उगाचच तिथवर जाऊन त्या फळीवर हात ठेवते. कुणीतरी गावाला गेलंय आणि परत येणार आहे, इतकंच वाटतं.

आज दवणा लावून झाला. शेवंताबाई कपभर चहा पिऊन आपल्या कोपऱ्यावर गेल्या. दुपारी मुग्धा आली, चहात टाकायला तुळस हवी म्हणून माझ्याआधी गच्चीत घुसली आणि पाच मिनिटांनी हातात सब्जा घेऊन आली. घाईत तुळस ओलांडून टोकापर्यंत गेली होती. मी वासावरून ओळखलं आणि परत पाठवलं. येताना ती दाराजवळ थांबली. कापडावरून तिचं बोट फिरल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला.

"आई, हा नकाशा पार पिवळा पडलाय गं. एक कोपराही सुटलाय. काढून ठेवू का?" ती अडखळली. "म्हणजे... तुला आता तसंही..."

"दिसत नाही, हो. बोल की. तो कोपरा नीट चिकटव आणि राहू दे तिथेच."

"पण कशाला?"

"मला तो कधी लागलाच नाही," मी म्हटलं. "चुकता तुम्ही."